साडेचार तास

शुक्रवार, २८ डिसेंबर २०१८, सकाळी ७.००

गाडी सुरू झाली, मिनिटभर चालली आणि बंद पडली. पुन्हा सेल्फ मारला, पुन्हा सुरू झाली. त्या आठवड्यात हे रोजचंच झालं होतं. आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावाला थंडी नवी नाही, पण तो डिसेंबर वेगळा होता. मे महिन्यात जिथे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तिथे दिवस चांगला वर आला तरी लोक शेकोटीजवळून हलत नव्हते.

गाडी दहा वर्षं जुनी, डिझेलवरची. दुपारी मात्र एका झटक्यात सुरू व्हायची. म्हणून भाऊ म्हणाला, "थंडीनं होऊन रायलं. संक्रांत झाली की नीट होईल." मलाही ते पटलं. बाबा ओसरीवर बसून पाहत होते. ते एवढंच म्हणाले, "गाडी हवा घेऊन रायली."

बाबांचं निम्मं आयुष्य विहिरीवरच्या पाच हॉर्सपॉवरच्या किर्लोस्कर इंजिनाजवळ गेलं. पण ते इंजिन वेगळं आणि गाडी वेगळी, असं धरून आम्ही त्यांचं बोलणं सोडून दिलं. "सुरू होते, थोडी चालते, बंद पडते" हेच दुखणं नीट ऐकलं असतं तरी पुरे होतं. रात्रभरात कुठून तरी हवा शिरते आणि नळीतलं डिझेल उतरून टाकीत परत जातं. सकाळी फिल्टरमध्ये उरलेल्या डिझेलवर इंजिन मिनिटभर चालतं, मागून हवेचा बुडबुडा येतो आणि सगळं थांबतं.

रात्री १.४०. साडेचार तास बाकी

बाबा पाणी प्यायला उठले आणि हातातला गडवा सुटला. त्या आवाजानं माय जागी झाली. आम्ही दिवा लावला तेव्हा बाबा भिंतीला टेकून बसले होते. डावा हात लुळा पडला होता, तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, शब्द जड येत होते. डोळे मात्र पुरते जागे होते. काय झालंय ते त्यांना आमच्याआधी कळलं होतं.

मेंदूच्या झटक्यात रक्ताच्या गाठीनं वाहिनी बंद झाली असेल, तर ती गाठ विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आधी ही मुदत तीन तासांचीच होती. २००८ मध्ये युरोपातल्या अभ्यासानंतर ती वाढली. हे सगळं मला नंतर कळलं. त्या रात्री आमच्याजवळ फक्त "लकवा" हा शब्द होता, आणि लकव्याला घाई करून काही होत नाही ही समजूत. मायनं जवसाचं तेल कोमट केलं. शेजारच्या काकूंनी घमेल्यात विस्तव आणला. मी बाबांचा डावा हात चोळत बसलो. अशा झटक्यात उपचारांविना जाणाऱ्या दर मिनिटाला मेंदूतल्या सुमारे १९ लाख पेशी मरतात. आम्ही पस्तीस मिनिटं तेल चोळलं.

२.१५. तीन तास पंचावन्न मिनिटं बाकी

थेट सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. १०८ ला फोन लावावा असं कुणाच्याही मनात आलं नाही. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, नंबर घरातल्या पोराटोरांनाही पाठ होता. पण गाडी दारात उभी होती. दारात गाडी असताना अँब्युलन्सची वाट कोण पाहणार? त्या रात्रीच्या बाकी सगळ्या चुका मी समजून घेऊ शकतो. ही एक अजून गिळता येत नाही, कारण आठ दिवस रोज सकाळी ती गाडी आम्हाला सांगत होती की माझ्यावर विसंबू नका.

भावानं चावी फिरवली. हीटरचा पिवळा दिवा लागला, विझला. सेल्फ जडपणे फिरू लागला. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. सिलिंडरमधली हवा इतकी दाबली जाते की ती पाचशे अंशांच्या वर तापते, आणि त्या हवेत डिझेलचा फवारा स्वतःहून पेट घेतो. थंडीत सिलिंडरचं गार लोखंड ही ऊब ओढून घेतं, म्हणून हीटर प्लग आधीच लालबुंद करावा लागतो. हीटर गेला असेल तर डिझेल आत येतं पण पेटत नाही. सेल्फ मारताना सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो. आमच्या अंगणात धुराची रेषसुद्धा नव्हती. धूर नाही म्हणजे डिझेलच पोचत नाही. टॉर्च माझ्या हातात होता, सायलेन्सर माझ्या पायाशी होता आणि मी बॉनेटवर उजेड मारून उभा होतो.

"हीटर गेला वाटते," भाऊ म्हणाला. खूप वेळानं इंजिनानं पकड घेतली.

२.३५. तीन तास पस्तीस मिनिटं बाकी

निघालो. मागच्या सीटवर मायच्या मांडीवर बाबांचं डोकं, पायांशी मी. दोन्ही बाजूंना वेचणी झालेल्या पऱ्हाट्या.

२.५५. तीन तास पंधरा मिनिटं बाकी

खरांगणा अजून पुढे होतं. चढ लागला, गाडीनं दोन आचके दिले आणि इंजिन मेलं. चढावर टाकी मागे, खाली राहते आणि इंजिन वर. पंपाला डिझेल जास्त जोरानं ओढावं लागतं, आणि ओढ वाढली की बारीकशा फटीतूनही हवा जास्त शिरते. बिघाड आपलं नाव सांगत होता. भाऊ सेल्फ मारत राहिला. गाडी कशीबशी सुरू झाली, दोनेक किलोमीटर गेली आणि पुढच्या चढावर कायमची थांबली.

बाबांचा उजवा हात चांगला होता. अंधारात माझ्या लक्षात आलं की त्यांचा अंगठा सीटवर दाबला जातोय. दाब, सोड. दाब, सोड. मी कान जवळ नेला. "हवा," ते म्हणाले.

मी काच चार बोटं खाली केली. बर्फासारखा वारा आत आला. बाबांनी डोळे मिटून मान हलवली. मी काच वर घेतली. अंगठा चालूच. मायला वाटलं हाताला मुंग्या येताहेत. तिनं तो हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला.

३.३०. दोन तास चाळीस मिनिटं बाकी

वर्ध्याकडून कापसाची गाडी आली. ड्रायव्हर लगेच उतरला. भला माणूस. त्यानं हिमाचलात सफरचंदाच्या फेऱ्या केल्या होत्या. बॉनेट उघडून पाहिलं आणि म्हणाला, "डिझल गोठलं, भाऊ. तिकडे रोज होते." मग पऱ्हाट्या गोळा झाल्या आणि फिल्टरच्या बाजूला, बंपरपासून हातभर अंतरावर जाळ झाला. आज ते आठवलं तरी अंगावर काटा येतो.

त्याचं म्हणणं अगदीच उगाच नव्हतं. डिझेलमध्ये मेण असतं. गारठ्यात त्याचे बारीक स्फटिक होतात आणि फिल्टरच्या कागदावर थर धरतात. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत विकल्या जाणाऱ्या डिझेलनं ६ अंशांपर्यंत तरी गाळणीतून वाहिलं पाहिजे असा मानकाचा नियम आहे. उन्हाळी डिझेलला ही मर्यादा १८ अंशांची आहे. पुढच्याच वर्षी, २०१९ च्या नोव्हेंबरात, इंडियन ऑइलनं लडाखसाठी उणे ३३ अंशांतही वाहणारं खास डिझेल आणलं, ते याच कारणानं. आणि त्या रात्री आपल्याकडेही पारा सहाच्या खाली चालला होता. तेव्हा संशय घ्यायला जागा होती.

पण त्याची स्वतःची गाडी आमच्यापासून वीस पावलांवर, तेच डिझेल पोटात घेऊन, मजेत घरघरत उभी होती. डिझेल गोठलं असतं तर दोन्ही गाड्या बंद पडल्या असत्या. एवढा मोठा पुरावा दिवे लावून समोर उभा असताना आम्ही चौघं जाळाकडे पाहत होतो. मागच्या सीटवरचा पाचवा माणूस तेवढा अंगठा दाबत होता.

ड्रायव्हर म्हणाला, "बाबाले माह्या गाडीत टाका, आर्वीले दवाखान्यात पोचवून देतो." भाऊ म्हणाला, "दहा मिनटात होते सुरू." मी काहीच बोललो नाही. कापसाची गाडी निघून गेली.

४.१०. दोन तास बाकी

बॅटरी बसली. थंडीत बॅटरीची ताकद आधीच कमी होते, त्यात गार तेलात रुतलेलं इंजिन फिरवायचं, दर वेळी हीटर तापवायचा. सेल्फनं नुसतं टक् केलं आणि आतला दिवाही विझला. आता कुठे १०८ आठवला. मोबाइलला रेंज नव्हती. मी चढावर धावत गेलो, दोन काड्या दिसल्या, फोन लागला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे गाव, रस्ता, खूण विचारून घेतली. अडीच तासांपूर्वी हाच फोन ओसरीवर बसून करता आला असता.

५.०५. एक तास पाच मिनिटं बाकी

निळा दिवा दिसला. अँब्युलन्समधल्या डॉक्टरांनी बाबांना हात वर करायला लावले, हसायला सांगितलं, साखर तपासली आणि पहिला प्रश्न विचारला, "शेवटचे ठीक कधी होते?" गाडी रस्त्याच्या कडेला सोडून आम्ही निघालो.

५.५०. वीस मिनिटं बाकी

सेवाग्राम. स्ट्रेचर, कागद, लगेच सीटी स्कॅन. स्कॅनशिवाय ते इंजेक्शन देता येत नाही. गाठ असेल तर ते औषध; रक्तस्राव असेल तर तेच औषध जीव घेईल. तिथे कुणी एक क्षण वाया घालवला नाही. क्षण आमच्याजवळचेच संपले होते.

तरुण डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, "नक्की किती वाजता सुरू झालं?" त्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळावर होती. तो प्रश्न का विचारताहेत हे मला तोपर्यंत समजलं होतं. अडीच वाजता, असं म्हणावंसं वाटलं. शब्द जिभेवर आला होता. पण मुदत उलटल्यावर तेच औषध मेंदूत रक्तस्राव करू शकतं, हेही त्यांनी आत्ताच सांगितलं होतं. "एक चाळीस," मी म्हणालो.

६.१०

बाबा स्कॅनच्या खोलीत होते. बाहेरच्या बाकावर माय हात जोडून बसली होती. थोड्या वेळानं रिपोर्ट आला: गाठच होती, रक्तस्राव नव्हता. म्हणजे ते औषध चाललं असतं.

त्याच सकाळी नागपूरला ३.५ अंश तापमान नोंदलं गेलं, तिथल्या नोंदीतलं सर्वांत कमी. जानेवारी १९३७ मधला ३.९ चा विक्रम मोडला. दिवसभर सगळीकडे तीच बातमी होती. वॉर्डाबाहेर लोक कौतुकानं तोच आकडा एकमेकांना सांगत होते.

सोमवार, ३१ डिसेंबर, दुपार

गाडी ओढून गॅरेजला आणली. मिस्त्रीनं हीटर पाहिला, ठीक होता. मग फिल्टर आणि पंपामधली काळी नळी काढून तिथे वीतभर पारदर्शक नळी लावली आणि सेल्फ मारला. नळीतून डिझेल आलं आणि त्याच्यासोबत मण्यांच्या माळेसारखे बुडबुडे. तो काहीच बोलला नाही, मला बोटानं दाखवलं. फिल्टरच्या बुडाशी, पाणी सोडायच्या स्क्रूभोवती एक रबरी रिंग असते. दिवाळीत फिल्टर बदलला तेव्हा जुनीच रिंग पुन्हा बसवली होती. नवी आणायला गावात जावं लागेल, तासभर लागेल असं तेव्हाच्या मिस्त्रीनं सांगितलं होतं, आणि राहू द्या, हीच लावा, असं मी म्हणालो होतो. दुपारच्या उन्हात ते रबर मऊ पडून फट बुजवायचं. गारठ्यात कडक होऊन आकसायचं. खाली डिझेलचा थेंबही सांडत नव्हता, कारण तिथे पंप ओढत असतो. डिझेल बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत जाते.

त्यानं नवी रिंग बसवली. मग फिल्टरच्या डोक्यावरचा हवा काढायचा स्क्रू सैल केला आणि शेजारच्या काळ्या रबरी गोळ्यावर अंगठा ठेवला. दाब, सोड. दाब, सोड. स्क्रूपाशी आधी फेस आला, मग फुसफुस, मग स्वच्छ डिझेलचा ओघळ. "हवा निघाली," तो म्हणाला.

मी त्याच्या अंगठ्याकडे पाहत राहिलो.

जुनी रिंग कागदात गुंडाळून मी संध्याकाळी सेवाग्रामला गेलो. बाबा उशीला टेकून बसले होते. मी ती त्यांच्या उजव्या हातात दिली. त्यांनी दोन बोटांत धरून दाबून पाहिली, नखानं टोकरली, नाकाशी नेऊन डिझेलचा वास घेतला.

"कडक झालं," ते हळू, जड जिभेनं म्हणाले. मग ती रिंग त्यांनी डाव्या तळहातावर ठेवली आणि मूठ मिटायची वाट पाहत राहिले.