नाशिकचं ऊन आणि मऊ पडलेली हाडं

रायपूर स्टेशनच्या पलीकडचं गुढियारी आणि गोदाकाठचं नाशिक यांच्यात शेकडो किलोमीटरचं अंतर आहे. पण नकाशावरचे अक्षांश पाहा. नाशिक २० अंशांवर आहे आणि रायपूर २१ अंशांच्या थोडं वर. म्हणजे सूर्य दोन्हीकडे जवळजवळ सारखाच तळपतो. म्हणून आजची नाशिकची गोष्ट गुढियारीत बसून ऐकणाऱ्यालाही आपलीच वाटेल.

गोष्ट शंभर वर्षांपूर्वीची आहे. तेव्हा मुडदूस हा युरोपातल्या धुरकट शहरांचा रोग समजला जाई. लंडन, ग्लासगो, बर्लिन इथल्या मुलांचे पाय धनुष्यासारखे वाकायचे. याचं कारण काय, यावर दोन तट पडले होते. १९१९ साली एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्यांच्या पिल्लांवर प्रयोग करून दाखवलं की कॉड माशाच्या यकृताचं तेल दिलं की मुडदूस टळतो. म्हणजे दोष आहाराचा. त्याच वर्षी बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुलांना पाऱ्याच्या दिव्याचा अतिनील प्रकाश दिला आणि त्यांची हाडं भरून आली. म्हणजे दोष उजेडाचा. मग खरं कोणाचं?

इथे नाशिक येतं. १९२२ साली हचिसन आणि शाह या दोघांनी नाशिक भागातल्या पाहणीचा निबंध प्रसिद्ध केला. आहार हेच एकमेव कारण असतं, तर गरिबांची मुलं आधी आजारी पडायला हवी होती. दिसलं ते उलटंच. दिवसभर उघड्यावर राबणाऱ्या गरीब घरांत मुडदूस जवळपास नव्हता. तो होता खात्यापित्या घरांत, पडदा पाळणाऱ्या मुसलमान आणि उच्चवर्णीय हिंदू कुटुंबांत. तिथल्या बायका आणि तान्ही मुलं अंधाऱ्या खोल्यांत राहत.

मंडळी, यात केवढं दुःख दडलंय बघा. पडद्यातल्या बाईची हाडं मऊ पडली की कटीचं हाड वाकडं होतं, बाळंतपण अडतं आणि आई-मूल दोघांचाही जीव धोक्यात येतो. ज्या भिंतींना घराण्याची अब्रू मानलं, त्याच भिंतींनी घरातल्या लेकीसुनांचं ऊन अडवलं.

पुढे कळलं की दोन्ही तट बरोबर होते. १९२२ सालीच अमेरिकेत मॅक्कॉलम यांनी तेलातल्या त्या घटकाला ‘ड जीवनसत्त्व’ असं नाव दिलं. उन्हातले अतिनील-ब किरण कातडीवर पडले की तिथल्याच एका पदार्थापासून ड जीवनसत्त्व तयार होतं. मग यकृत त्याला एक रूप देतं, मूत्रपिंड दुसरं देतं, आणि ते आतड्यातून कॅल्शियम शोषायला मदत करतं. स्टेरॉल आणि त्यांचा जीवनसत्त्वांशी असलेला संबंध यावरच्या संशोधनासाठी आडोल्फ विंडाउस यांना १९२८ चं नोबेल मिळालं.

अन्नातून हे जीवनसत्त्व थोडंच मिळतं. तेलकट मासे आणि अंड्याचा बलक हे त्याचे मुख्य स्रोत. शाकाहारी घरांत उन्हात ठेवलेली अळंबी, आणि आता मिसळ केलेलं दूध किंवा तेल. अशा दूध-तेलाच्या पिशवीवर ‘एफ’ आणि अधिकचं चिन्ह असतं. त्याचे नियम २०१८ मध्ये आले.

बाकी सारी भिस्त उन्हावर. पण खिडकीच्या काचेतून येणारं ऊन इथे कामाचं नाही, कारण काच हे किरण अडवते. सकाळचं कोवळं ऊन सुखद असतं, पण त्यात हे किरण फार कमी असतात. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडते, तेव्हा ते भरपूर असतात. सावळ्या कातडीला वेळ जास्त लागतो. अर्थात रायपूरच्या मे महिन्यात भर दुपारी उभं राहू नका. उष्माघात जीव घेतो. आणि गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्या, कारण अतिरेकाने रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होते.

आज पडदा बऱ्याच ठिकाणी गेला, पण बंद फ्लॅट, ऑफिस आणि शिकवणीचे वर्ग आले. तेव्हा आपल्या घरात कोणाच्या अंगाला ऊन लागतं आणि कोणाच्या नाही, हे एकदा मोजून बघा.