बाळंतिणीच्या घरी आशाताई सहा-सात वेळा का येते? त्यामागं गडचिरोलीतलं एक संशोधन आहे

घरात बाळ आलं की बघायला येणाऱ्यांची रीघ लागते. त्या गर्दीत एक बाई मात्र ठरलेल्या दिवशीच येते. तिसरा दिवस, सातवा दिवस, मग चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि शेवटी बेचाळिसावा. बाळंतपण घरीच झालं असेल तर पहिल्या दिवशीही. ती बाळाला झोळीत ठेवून वजन करते, काखेत थर्मामीटर लावते, घड्याळाकडं बघत श्वास मोजते, बेंबी तपासते, आईला चार प्रश्न विचारते आणि कार्डावर लिहून निघून जाते.

ही आशाताई. अनेकांना वाटतं की तिच्या या फेऱ्या म्हणजे सरकारी रजिस्टर भरण्याचा भाग. पण या भेटींमागं महाराष्ट्रातल्याच एका जिल्ह्यात झालेलं संशोधन आहे. ते १९९९ साली 'द लॅन्सेट' या जगातल्या आघाडीच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि त्यातला सगळ्यात धाडसी भाग सरकारी योजनेत आलाच नाही.

सुरुवात गडचिरोलीतून

गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपूरमधून वेगळा झाला. जंगल, नद्या, पावसाळ्यात तुटणारे रस्ते आणि विखुरलेली आदिवासी गावं. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन परतले आणि १९८६ साली त्यांनी इथं 'सर्च' ही संस्था उभी केली. नावाप्रमाणंच उपचारांसोबत संशोधन हा संस्थेचा गाभा होता.

नवजात बाळांकडं वळण्याआधी त्यांनी बालपणीच्या न्यूमोनियावर काम केलं. गावातल्या माणसांना, अगदी सुईणींनाही, न्यूमोनिया ओळखून गोळ्या-सिरप द्यायला शिकवलं. अडचण अशी की न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटाला श्वास किती ते मोजावं लागतं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर ६० ही धोक्याची रेषा, त्यापुढच्या तान्ह्या बाळाला ५०. आणि बऱ्याच सुईणींना एवढे आकडे मोजता येत नव्हते.

मग एक साधं यंत्र तयार झालं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवावा लागला तर न्यूमोनिया. दहापर्यंत मोजता येणं पुरेसं होतं! गावात ज्याला 'पोट उडतंय' म्हणतात, ते आता मण्यांवर मोजता येऊ लागलं.

१९९० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, कार्यकर्त्यांनी उपचार केलेल्या ६१२ आजारपणांत मृत्यूचं प्रमाण ०.८ टक्के होतं. तुलनेसाठी निवडलेल्या गावांत ते १३.५ टक्के होतं.

तरीही पहिल्या महिन्यातली बाळं जातच होती

न्यूमोनियाचे मृत्यू घटले, पण आयुष्याचे पहिले २८ दिवस हा वेगळाच प्रश्न निघाला. या काळात बाळ आजारी पडलं तर ते चटकन कळत नाही. ताप येईलच असं नाही, उलट अंग थंड पडतं. खोकला नाही, मोठ्यानं रडणं नाही. बाळ फक्त मलूल होतं आणि दूध ओढणं कमी करतं.

'सर्च'नं १९९५-९६ या वर्षात ३९ गावांतल्या ७६३ नवजात बाळांचं घरीच निरीक्षण केलं. यातली ९५ टक्के बाळं घरी जन्मली होती. जन्मतः कमी वजनाची बाळं सुमारे ४२ टक्के. निम्म्याहून जास्त, म्हणजे ५४ टक्के बाळांना उपचाराची गरज पडली. डॉक्टरांपर्यंत पोहोचली ती २.६ टक्के.

त्या वर्षी दगावलेल्या बाळांच्या मृत्यूची कारणं शोधली तेव्हा निम्म्याहून अधिक मृत्यूंमागं सेप्सिस किंवा न्यूमोनिया होता. सेप्सिस म्हणजे जंतुसंसर्ग रक्तात उतरून अंगभर पसरणं. त्यावर औषध होतं, स्वस्तही होतं. पण ते इंजेक्शन होतं, आणि नवजात बाळाला इंजेक्शन द्यायचं तर ते दवाखान्यातच, हा तेव्हाचा सर्वमान्य नियम.

कागदावर हा नियम बरोबरच होता. पण तान्हं बाळ आणि ओली बाळंतीण घराबाहेर काढायची नाही अशी रीत, खिशात पैसे नाहीत, मध्ये नदी. अशा घराला 'दवाखान्यात न्या' म्हणणं म्हणजे उपचार नाकारण्यासारखंच होतं.

इंजेक्शन कोणी द्यायचं?

'सर्च'नं त्याच गावात राहणाऱ्या, पाचवी ते दहावी शिकलेल्या बायका निवडल्या. त्यांना नाव दिलं आरोग्यदूत. गरोदरपणातच घरी जाऊन आईशी बोलणं, बाळंतपणावेळी सुईणीसोबत हजर राहणं, जन्मतः न रडणाऱ्या बाळाला श्वास देणं, बाळ उबदार ठेवणं, लगेच अंगावर पाजायला लावणं, वजन करणं आणि महिनाभर ठरलेल्या दिवशी जाऊन बाळ तपासणं, हे त्यांचं काम.

आणि सेप्सिसची लक्षणं दिसली तर आधी दवाखान्याचा सल्ला द्यायचा. घरचे तयार नसतील तर त्यांच्या संमतीनं जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि सोबत कोट्रायमोक्झाझोलचं सिरप. पाचवी शिकलेली बाई काही दिवसांच्या बाळाला सुई टोचणार, ही कल्पना आजही अनेकांना दचकवेल. तेव्हा तर ती जवळजवळ अविचार वाटण्यासारखी होती.

त्यामुळंच नुसतं 'आम्हाला फरक दिसला' म्हणून चालणार नव्हतं. ३९ गावांत हे काम झालं, तर ४७ गावं तुलनेसाठी ठेवली गेली. तिथं नेहमीच्या सरकारी आरोग्यसेवा चालू होत्या. दोन्हीकडचा प्रत्येक जन्म आणि प्रत्येक बालमृत्यू नोंदवला गेला. सुटलेल्या नोंदी सापडाव्यात म्हणून दर सहा महिन्यांनी घरोघरी पाहणी व्हायची. सरकारी दप्तरात जन्मून लगेच गेलेलं बाळ बऱ्याचदा जन्मलंच नाही असं धरलं जायचं, हे लक्षात घेतलं तर ही मोजदाद किती महत्त्वाची होती ते कळतं.

निकाल काय लागला?

१९९३ ते ९५ या काळात ३९ गावांत दर हजार जन्मांमागं ६२ बाळं पहिल्या महिन्यात जात होती. १९९७-९८ मध्ये हा आकडा सुमारे २५ वर आला. तुलनेच्या ४७ गावांत तो ५८ च्या आसपास होता, तो साधारण ६० झाला. म्हणजे तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंमध्ये निव्वळ ६२ टक्के घट.

सेप्सिस झालेल्या बाळांपैकी आधी १६.६ टक्के दगावत होती. आरोग्यदूतांच्या उपचारानंतर हे प्रमाण २.८ टक्क्यांवर आलं. एका बाळामागं खर्च आला सुमारे ५.३ डॉलर.

या संशोधनावर प्रश्नही आहेत, आणि ते रास्त आहेत. कुठल्या गावात काम करायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं नव्हतं, म्हणजे संशोधनाच्या भाषेत ही यादृच्छिक चाचणी नव्हती. शिवाय एका झपाटलेल्या संस्थेच्या देखरेखीखाली जे जमलं, ते सरकारी यंत्रणेत जमेल का? तुलनेच्या गावांतल्या बाळांचा प्रश्न तर कुठल्याही अशा प्रयोगात टोचत राहतो.

याची थोडीफार उत्तरं दुसऱ्या देशांतून मिळाली. बांगलादेशातल्या सिल्हेटमध्ये असाच प्रयोग झाला. दवाखान्यात जायला तयार नसलेल्या घरांतल्या बाळांना तिथंही कार्यकर्त्यांनी इंजेक्शन दिलं. २००८ साली आलेल्या निष्कर्षात नवजात मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी दिसले. पाकिस्तानातल्या हाला भागात सरकारच्याच महिला आरोग्य कर्मचाऱ्यांमार्फत घरभेटी झाल्या. तिथं २०११ च्या निष्कर्षानुसार घट होती १५ टक्के. गडचिरोलीइतका मोठा फरक दोन्हीकडं पडला नाही, पण फरक पडला. २००९ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी एकत्र निवेदन काढून नवजात बाळांसाठी घरभेटींची शिफारस केली.

मग आशाताईकडं इंजेक्शन का नाही?

भारतात २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून 'आशा' आल्या. २०११ साली केंद्र सरकारनं गृहआधारित नवजात शिशु काळजी हा कार्यक्रम देशभर लागू केला. घरभेटींचं वेळापत्रक आलं. वजनकाटा, थर्मामीटर, घड्याळ, ब्लँकेट असलेली पिशवी आली. इंजेक्शन मात्र त्या पिशवीत आलं नाही.

धोक्याची लक्षणं ओळखायची आणि बाळाला पुढं पाठवायचं, हे आशांचं काम ठरलं. जेंटामायसिनची परवानगी २०१४ साली मिळाली ती एएनएमना, म्हणजे उपकेंद्रातल्या प्रशिक्षित नर्सताईंना, आणि तीही दवाखान्यात नेणं शक्य नसेल किंवा घरचे नकार देत असतील अशाच वेळी. लाखो आशांच्या हाती इंजेक्शन देऊन देखरेख कोण करणार, ही काळजी खोटी म्हणता येणार नाही. पण 'सर्च'च्या मॉडेलचा अर्धा भाग उचलला गेला हेही खरं. मृत्यूंचं सगळ्यात मोठं कारण सेप्सिस होतं, आणि त्याच्यावरचा उपचार पुन्हा एक पायरी लांब गेला.

मानधनाचीही गंमत बघा. सगळ्या भेटी पूर्ण केल्या की आशाला २५० रुपये, असं २०११ च्या सूचनांमध्ये ठरलं. त्यासाठीच्या अटींमध्ये जन्मनोंदणी आणि लसीकरण आहे, आणि बेचाळिसाव्या दिवशी आई व बाळ सुखरूप असणं हीसुद्धा अट आहे. म्हणजे आशानं पावसात चिखल तुडवत पाच भेटी दिल्या आणि बाळ गेलं, तर त्या पाच भेटींचं काय, असा प्रश्न उरतो.

आता तर बाळंतपणं दवाखान्यातच होतात

हो, परिस्थिती खूप बदलली आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात जवळपास ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीत राज्यातला नवजात मृत्युदर हजारी ११ होता, देशाचा २०. यात रस्ते, रुग्णवाहिका, नवजात शिशु कक्ष, शिक्षण अशा बऱ्याच गोष्टींचा वाटा आहे. सगळं श्रेय एका प्रयोगाला देता येणार नाही.

पण दवाखान्यातून दोन-तीन दिवसांत सुट्टी मिळते आणि जोखमीचे उरलेले पंचवीस दिवस बाळ घरीच असतं. आशाताईच्या दोन भेटींच्या मध्ये बाळाकडं घरच्यांनाच बघायचं असतं. आरोग्यदूतांना शिकवलेली लक्षणं कुठल्याही घराला ओळखता येतील अशी आहेत: आधी नीट पिणारं बाळ दूध ओढेनासं होणं, रडणं क्षीण होणं किंवा थांबणं, बाळ सुस्त आणि ढिलं पडणं, अंग हाताला थंड लागणं, श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त होणं, श्वास घेताना छाती आत ओढली जाणं, कण्हणं, पोट फुगणं किंवा सतत उलट्या, बेंबीतून पू येणं.

श्वास मोजायचा तो बाळ शांत असताना, पूर्ण एक मिनिट. ६० च्या वर आला तर पुन्हा एकदा मोजायचा. यातलं कुठलंही लक्षण दिसलं तर पुढच्या भेटीची वाट बघत बसायचं नाही. आशाताईला फोन करायचा किंवा थेट १०८ ला. बाळाला आईच्या छातीशी धरून, गुंडाळून न्यायचं, म्हणजे वाटेत अंग थंड पडत नाही. सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधं आणि ने-आण जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहेत. पैसे मागितले तर या योजनेचं नाव घेऊन विचारता येतं.