कुडाची भिंत आणि प्रकाशाचें कडें

डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांतील वारली घरांत लग्न निघालें म्हणजे सवाशिणी आंतल्या भिंतीवर लग्नचौक लिहितात. ‘लिहितात’ हा शब्द त्यांचाच होय. कारवीच्या कुडावर माती व शेण यांचें सारवण, त्यावर गेरूचा हात, आणि त्या तांबड्या भूमीवर तांदळाच्या पिठाच्या पाण्यानें काढलेल्या पांढऱ्या रेघा, एवढीच या चित्राची सामग्री. कुंचला म्हणजे टोंक चावून मऊ केलेली बांबूची काडी. चौकाच्या मध्यें पालघट देवी, शेजारच्या लहान चौकांत पंचशिऱ्या देव, आणि भोंवतीं झाडें, माणसें व जनावरें. हें चित्र टिकविण्यासाठीं काढलेलें नसतें. चुलीच्या धुरानें तें काळवंडतें, पावसाळ्याच्या ओलीनें त्याचे पोपडे सुटतात, आणि पुढच्या सारवणाबरोबर तें नाहींसें होतें. लिहिणाऱ्या स्त्रियांचीं नांवें तर बहुधा कोठेंच नोंदलेलीं नसतात.

के. जे. सावे यांचा ‘द वारलीज’ हा ग्रंथ १९४५ सालीं मुंबईस प्रसिद्ध झाला. पुढें १९७० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत हस्तकला मंडळाच्या वतीनें भास्कर कुलकर्णी या भागांत आले आणि हीं चित्रें कागदावर उतरूं लागलीं. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना १९७६ सालीं राष्ट्रीय पुरस्कार व २०११ सालीं पद्मश्री मिळाली. २०१८ सालीं ते निवर्तले. यशोधरा दालमिया यांचा वारली चित्रांवरील ग्रंथ १९८८ चा. कागदावरील चित्र अशा रीतीनें जगभर गेलें व सुरक्षित राहिलें. भिंतीवरील चित्राला मात्र छायाचित्रावांचून दुसरा आश्रय नाहीं. कुडाच्या जागीं विटा व सिमेंट येऊं लागल्यापासून तर हा आश्रय अधिकच निकडीचा झाला आहे.

अडचण आहे ती अंधाराची. डहाणूच्या औष्णिक केंद्रांतून १९९५ पासून मुंबईच्या उपनगरांना वीज जाते; पण जुन्या धर्तीच्या कुडाच्या घराला धड खिडकीही नसते, आणि चौक असतो तो आंतल्या भिंतीवर. अशा ठिकाणीं रेघ न् रेघ जवळून टिपावयाची तर प्रकाश कोठून आणावयाचा? आजचें सर्वांत सोपें उत्तर म्हणजे बाजारांत स्वस्तांत मिळणारें एलईडी दिव्यांचें कडें. लोक त्याला रिंग लाइट म्हणतात. २०२० सालीं शाळा व कचेऱ्या घरांत शिरल्या, तेव्हां तें शहरांतील पुष्कळ घरांत येऊन पोंचलें. तें या कामीं किती उपयोगाचें, हें ठरविण्यापूर्वीं तें मुळांत कशासाठीं निर्माण झालें तें पाहावें.

अंधारांत चित्र घेण्याची खटपट जुनी आहे. १८६४ सालीं मँचेस्टरच्या आल्फ्रेड ब्रदर्स यानें मॅग्नेशियमची तार जाळून तिच्या उजेडांत व्यक्तिचित्र घेतलें. दुसऱ्याच वर्षीं पियाझी स्मिथ यानें तोच उजेड गिझाच्या महान पिरॅमिडच्या पोटांत नेला. १८८७ सालीं जर्मनींत मीटे व गेडिके यांनीं भडक्याची पूड काढली. पेंढ्याच्या छपराखालीं ती पूड पेटविण्याचें धाडस कोणी शहाणा करणार नाहीं, हें सांगावयास नकोच.

कड्याची कुळकथा याहून वेगळी आहे. अठराव्या शतकांत बर्लिनचा शरीरशास्त्रज्ञ लीबरक्यून यानें सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाभोंवतीं रुप्याचा अंतर्गोल आरसा बसविण्याची पद्धत रूढ केली. त्या आरशानें उजेड चहूंबाजूंनीं पदार्थावर पडे, आणि म्हणून तो आरसा आजही त्याच्याच नांवानें ओळखला जातो. १९५२ सालीं अमेरिकेंत लेस्टर डाइन यानें भिंगाभोंवतीं वाटोळा विद्युत्‌दीप बसविला तो दंतवैद्यांसाठीं. तोंडाच्या पोकळींत एका बाजूनें दिवा धरला कीं गालाची सावली दाढेवर पडते. कड्यानें ती सावली पडत नाहीं. सावली घालविणें हाच कड्याचा जन्महेतु. १९९३ सालीं जपानांत नाकामुरा यांनीं तेजस्वी निळा दिवा सिद्ध केला, त्यावर पिवळें प्रस्फुरक द्रव्य चढवून १९९६ च्या सुमारास पांढरा दिवा बाजारांत आला, आणि २०१४ चें नोबेल पारितोषिक आकासाकी, आमानो व नाकामुरा या तिघांना मिळालें. डाइनच्या उपकरणाची कल्पना हजार रुपयांच्या आंत हातीं आली ती या शोधामुळें.

एवढ्या थोड्या शक्तीचा दिवा पुरतो कसा? लहान दिव्याचा उजेड अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणांत घटतो. दिवा एक मीटरवरून दहा सेंटिमीटरवर आणला तर तोच उजेड शंभरपट होतो. जवळच्या छायाचित्रांत दिवा जवळच असतो, म्हणून स्वस्त दिवाही तेथें सबळ ठरतो. मात्र कड्याच्या त्रिज्येहून जवळ गेल्यास मध्यभाग अंधारूं लागतो. दहा इंची कडें घेऊन दोन बोटांवरचा पदार्थ टिपूं पाहणें व्यर्थ होय. त्यासाठीं भिंगावर बसणारें लहान कडें हवें.

आतां चौकासमोर यावें. तांदळाच्या पिठाची रेघ नुसता रंग नव्हे. तिला अंग असतें. काडी जेथें टेकली तेथें पीठ दाटतें, जेथें उचलली तेथें विरळ होतें, आणि खालीं सारवणाच्या हातांचे वळसे असतात. रेघ कोणत्या दिशेनें ओढली, कोणती आधीं आली व कोणती नंतर, हें याच उंचसखलपणावरून वाचतां येतें. भिंगाभोंवतींचें कडें ही सगळी अक्षरें पुसून टाकतें, कारण सावली नाहींशी करणें हेंच त्याचें काम. छायाचित्र स्वच्छ येतें, पण छापील कागदासारखें सपाट. ज्या बाईनें तो चौक लिहिला तिचा हात त्यांतून निघून जातो.

दुसरें वैगुण्य रंगाचें. निळा दिवा आणि पिवळें द्रव्य यांच्या मिश्रणांत गडद तांबडा अंश कमी पडतो, आणि भिंत तर गेरूची! दिव्याच्या डब्यावर रंगदर्शकांक ‘८०’ छापलेला असला तरी तो आठ फिकट रंगांच्या सरासरीवरून काढलेला असतो. गडद तांबड्याची गणना निराळी होते, आणि ती छापण्याची तसदी स्वस्त मालाचे कारखानदार सहसा घेत नाहींत. गेरू मग मळकट तपकिरी दिसतो. जो रंग प्रकाशांतच नाहीं तो मागाहून संगणकावर खऱ्या रूपानें परत आणतां येत नाहीं. शिवाय उजेड मंद केला कीं असले दिवे पुष्कळदां वेगानें लुकलुकूं लागतात आणि चित्रावर आडवे पट्टे उमटतात. म्हणून दिवा पूर्ण तेजानें लावावा.

म्हणजे कडें टाकाऊ काय? मुळींच नाहीं. चिकूच्या बागेंत कळी पोखरणारी अळी किंवा पानावरचा डाग टिपावयाचा असेल तर तें फार चांगलें, कारण तेथें कोपरा न् कोपरा दिसणेंच इष्ट असतें. फक्त समुद्रावरचा वारा फांदी हालवूं लागला कीं क्षणिक झगमगाटाचा फ्लॅशच हवा. भिंतीसाठींही तें उपयोगी आहे, पण भिंगावरून काढून. कडें हातभर बाजूला, भिंतीशीं अगदीं लहान कोन करून धरावें, म्हणजे प्रत्येक रेघेच्या कडेला बारीक सावली उभी राहते. दंतवैद्याला नकोशी झालेली सावली येथें मुद्दाम बोलवावी लागते. छायाचित्र मात्र हातानें न घेतां तिकाटण्यावरून, सावकाश उघडझाप करून घ्यावें. बिनॉय बहल यांनीं १९९१ सालीं अजिंठ्याच्या अंधाऱ्या लेण्यांतील चित्रें प्रखर दिव्यांवांचून, मंद उजेडांत दीर्घ वेळ देऊनच टिपलीं. अचल वस्तूला वेळ देतां येतो, आणि वेळ फुकट मिळतो. खिशांत एकाच वस्तूपुरते पैसे असतील तर आधीं तिकाटणें घ्यावें, कडें नंतर.

रंगासाठीं एक छायाचित्र दाराच्या उजेडांत, झांप पूर्ण उघडून, सकाळीं घ्यावें; एक समोरून कड्याच्या उजेडांत, मांडणी कळण्यासाठीं; आणि एक बाजूच्या उजेडांत, रेघेसाठीं. घरच्या माणसांची परवानगी घेऊन, चौकाचे विधी आटोपल्यावर, पण चुलीचा धूर भिंतीवर बसण्यापूर्वीं हें सारें व्हावें. आणि लिहिणाऱ्या सवाशिणींची हरकत नसेल तर त्यांचीं नांवें व पाड्याचें नांव त्याच दिवशीं छायाचित्राबरोबर टिपून ठेवावें.