पाव्हण्याला ठाऊक असतं

1973 चा उन्हाळा. परभणीहून गंगाखेडची वाट धरा आणि गोदावरीच्या, म्हणजे इथल्या बोलीत गंगेच्या, काठच्या कुठल्याही गावाबाहेरच्या एखाद्या आखाड्यावर या. गोठ्यात चार बैल होते, त्यातले दोन विकले. कडब्याच्या वळईच्या जागी नुसती सपाट जमीन आहे. तुम्ही कोण, कुठून आलात, कुणी विचारत नाही; दुष्काळात वाटेनं अनोळखी माणसं जातच असतात. “बसा, पाव्हणं,” आजी म्हणते आणि मिलोची लाल भाकर पुढे ठेवते. परदेशातून आलेल्या त्या धान्याच्या भाकरीचा मोत्या वास घेतो आणि तोंड फिरवतो. माणसं खातात.

आजी हसते आणि नामदेवांची गोष्ट काढते. कुत्र्यानं भाकर पळवली तर नामदेव तुपाची वाटी घेऊन मागं धावले. देवा, कोरडी खाऊ नको. नामदेवांचं नर्सी अजून परभणी जिल्ह्यातच आहे, हिंगोली वेगळा व्हायला 1999 उजाडावं लागेल. त्यामुळे आजीच्या तोंडी ही घटना भावकीतल्या कुणाची तरी वाटते. “तूप असतं तर मी बी पळाले असते याच्यामागं,” ती म्हणते.

तुमचं लक्ष मात्र मोत्याच्या कानाकडे आहे. कानावर भरत आलेली जखम दिसते. “मागल्या महिन्यात एक लाळ गाळणारं कुत्रं रानातून गेलं, त्यानं धरला होता. हळद लावली, झालं बरं.” आठ वर्षांचं पोरगं मोत्याच्या पोटावर डोकं टेकून पडलंय. जखम भरली तरी विषाणू नसांमधून मेंदूकडे निघालेला असू शकतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. “त्याला बांधा, लेकराला लांब ठेवा,” तुम्ही म्हणता. “कामून? खातंय-पितंय की,” आजा म्हणतो.

आठ दिवस पुढे सरका. मोत्याचा खालचा जबडा लोंबतोय, आवाज घोगरा झालाय, हाक मारली तर तो हाकेवरच धावून येतो. सालगडी काठी घेतो. तुम्ही पोराला उचलून गोठ्यामागं नेता, एवढंच तुमच्या हातात असतं. मग पोराच्या खरचटलेल्या हाताला मोत्यानं चाटलं होतं हे कुणाला तरी आठवतं, आणि परभणीच्या सरकारी दवाखान्याच्या फेऱ्या सुरू होतात. पोटात चौदा सुया. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ही लस कसौलीत 1911 साली निघाली, आणि 2004 पर्यंत देशात ती बनत राहणार आहे. सुई टोचताना पोरगं रडलं तर आजा त्याला गूळ देतो. मोत्यासाठी रडलं तर दटावतो.

त्याच परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठ सुरू होऊन वर्ष झालंय. 18 मे 1972, ऐन दुष्काळात. जनावरांचे डॉक्टर तिथं तयार होणार आहेत. पण गावाच्या लेखी जनावर म्हणजे बैल आणि म्हैस. कुत्र्याला लस टोचायला परभणीला न्या म्हणालात तर सबंध पार हसेल.

आता 1983. कुत्रं आखाड्यावरून वाड्याच्या ढेलजेत आलंय. पोरगं अठरा वर्षांचं झालंय आणि त्यानं कॉलेजातून येताना पिलू आणलंय, वाघ्या. तुम्ही पोचता तेव्हा वाघ्या दोन दिवसांचा उपाशी आहे, ओकतोय, आणि ढेलजेत रक्ताच्या हगवणीचा असा वास आहे की जोडे काढायच्या आधीच तुम्ही ओळखता. पार्व्हो. 1978 च्या आधी जगाला माहीतच नसलेला हा आजार. पाच वर्षांत इथवर पोचला. त्याच्यावर थेट औषध अजून निघालेलं नाही, सलाईन लावून पिलू तगतं का बघायचं. मीठ-साखरेचं पाणी चमच्यानं पाजत तुम्ही रात्रभर बसता. पोरगंही बसतं. पहाटे वाघ्या जातो.

तुम्हाला खरी घाई पुढची आहे. काकू म्हणते, पोरगं जेवत नाही, दुसरं पिलू आणू. हा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो. “आधी ढेलज ब्लिचिंग पावडरच्या पाण्यानं धुवा,” तुम्ही सांगता. ग्रामपंचायतीत पोतं भरून आहे, विहिरीत टाकायला.

“ती विहिरीची हाय,” काकू म्हणते.

ती ढेलज शेणानं सारवते, मन लावून, कोपरान्‌कोपरा. दुसरं पिलू बारा दिवस जगतं. मला विचाराल तर ही जागा सगळ्यात वाईट: उपाय शंभर पावलांवर, आणि तो कुत्र्यासाठीही असतो हे कुणाच्या डोक्यात नाही.

1996 मध्ये फार थांबू नका. राणी ओसरीवर आलीय. कानांत गोचिडांचे घोस, अंगात ताप, हिरड्या पांढऱ्या पडलेल्या, आणि एका सकाळी नाकातून रक्त. ऊन बाधलं म्हणतात, कांदा फोडून ठेवतात. यावर चालणाऱ्या डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या माणसांसाठी तालुक्याच्या मेडिकलवर मिळतात. तुम्ही कागदावर नाव लिहून देता, पण आता शरीरातलं रक्तच संपत आलंय. पूर्वीचं पोरगं एकतीस वर्षांचं आहे, त्याची मुलगी राणीला बिलगून रडतेय. तिला कुणी दटावत नाही.

2024. परभणी, घरात कूलर, कूलरसमोर सिंबा. गावठीच, तेरा वर्षांचा. लसींची वही कपाटात आहे, रेबीजचा वार्षिक डोस एकदाही चुकलेला नाही, गोचिडांचं औषध महिन्याच्या महिन्याला. पशुवैद्यक महाविद्यालयात रक्त तपासून आणलंय: मूत्रपिंडं थकली, वय झालं. मुलगी पुण्याहून दर तासाला फोन करते. संध्याकाळी सिंबा जातो.

साठीला टेकलेला बाप तुमच्याकडे वळतो. इतक्या वर्षांत तुम्ही जसेच्या तसे कसे, हे तो अजूनही विचारत नाही. “पाव्हणं, दर खेपेला तुम्हाला कायतरी ठाऊक असायचं. आता सांगा, काय राहिलं?”

तुम्ही आठवून बघता. लस, जंत, गोचीड, सलाईन, आहार.

“काही नाही राहिलं.”

“मग बरं,” तो म्हणतो, आणि खड्ड्यात टाकायला मीठ किती लागेल ते विचारतो.