नायक बदलला की नाटक बदलते? किर्लोस्कर मंडळीपासून ‘घाशीराम’च्या युरोपवारीपर्यंत

१/
एखादे संगीत नाटक नव्याने उभे राहते, गाजते आणि परदेशी निघते. संहिता, चाली, वेशभूषा, नेपथ्याच्या पेट्या सगळे सोबत जाते. प्रमुख भूमिकेचा नट मात्र जाईलच याची शाश्वती नसते. ती भूमिका दुसऱ्याला दिली, तर पोहोचते ते नाटक तेच असते का? मराठी रंगभूमीपुढे हा प्रश्न शतकभर वेगवेगळ्या रूपांत उभा राहिला आहे. त्याचा हा धागा.

२/
आधी सातासमुद्रापलीकडचे एक ठळक उदाहरण. १९९८ साली लंडनच्या नॅशनल थिएटरने ‘ओक्लाहोमा!’ ही जुनी अमेरिकन संगीतिका ट्रेव्हर नन यांच्या दिग्दर्शनाखाली पुन्हा रंगमंचावर आणली. कर्ली या नायकाच्या भूमिकेत होता ह्यू जॅकमन. प्रयोग न्यूयॉर्कला नेण्याचे ठरले, तेव्हा अमेरिकन नटांच्या संघटनेने अख्खा ब्रिटिश संच आणू देण्यास नकार दिला. अखेर २००२ मध्ये नाटक ब्रॉडवेवर आले, तेव्हा कर्ली होता पॅट्रिक विल्सन.

३/
त्याआधी १९९० मध्ये ‘मिस सायगॉन’वरून याहून मोठे वादळ उठले होते. लंडनमध्ये युरेशियन पात्र रंगवणारा गोरा नट जोनाथन प्राइस न्यूयॉर्कमध्ये नको, ती भूमिका आशियाई वंशाच्या नटाला मिळावी, अशी भूमिका तिथल्या संघटनेने घेतली. निर्मात्याने प्रयोगच रद्द करण्याची घोषणा केली. संघटनेने माघार घेतली आणि १९९१ मध्ये प्राइसच रंगमंचावर आला. थोडक्यात, तिकडे नायक कोण याचा निर्णय निर्माता, संघटना आणि बाजार यांच्या ओढाताणीतून होतो.

४/
आपल्याकडे नटांची अशी संघटना नव्हती. आपल्याकडे होती ‘मंडळी’. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतला’च्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला. शकुंतला होते शंकरराव मुजुमदार. पुरुषांनीच स्त्रीभूमिका करण्याचा तो काळ.

५/
पुढच्या दोनच वर्षांत या प्रमुख भूमिकेचा धनी बदलला. बडोद्याहून भाऊराव कोल्हटकर आले. त्यांचा गळा असा, की मंडळीचा सारा डोलारा त्या आवाजाभोवती उभा राहिला. शकुंतला त्यांच्याकडे गेली. १८८२ मध्ये रंगमंचावर आलेल्या ‘सौभद्रा’तील सुभद्राही त्यांचीच. मुजुमदारांनी जागा सोडली, मंडळी सोडली नाही. पुढे कारभाराची सूत्रे त्यांच्याच हाती आली.

६/
हा बदल प्रेक्षकांनी इतक्या सहज का स्वीकारला? संगीत नाटकात पात्राची ओळख पदांतून होते. चाल ठरलेली, राग ठरलेला, पद कुठे येणार ते ठरलेले. त्या साच्यात नवा गळा ओतायचा. कथा सर्वांना पाठ होती. ‘आज कोण गातोय?’ हीच उत्सुकता घेऊन लोक नाट्यगृहात येत. त्यामुळे नट बदलणे हा नाटकाचा भंग ठरत नसे. उलट तेच तिकीट पुन्हा काढण्याचे निमित्त होई.

७/
फेब्रुवारी १९०१ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी भाऊराव गेले. मंडळीपुढे अस्तित्वाचा प्रश्न उभा राहिला. पोकळी भरून निघाली ती १९०५ मध्ये. मिरजेला नारायण श्रीपाद राजहंस हा सतरा वर्षांचा मुलगा शकुंतलेच्या वेशात उभा राहिला, तोच बालगंधर्व. एकेकाळची पहिली शकुंतला, म्हणजे शंकरराव मुजुमदार, आता मंडळीचे चालक होते. आपण रंगवलेली भूमिका दोन पिढ्यांत दोन असामान्य गळ्यांकडे जाताना त्यांनी पाहिली.

८/
नायकाच्या भूमिकेचेही तेच. मार्च १९११ मध्ये ‘संगीत मानापमान’ आले. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर नानासाहेब जोगळेकर. त्याच वर्षी जोगळेकर वारले. पुढे गंधर्व नाटक मंडळीत धैर्यधर रंगवला तो नाटकाच्या चाली बांधणाऱ्या गोविंदराव टेंब्यांनी. आणि ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत, टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या संयुक्त प्रयोगात, धैर्यधर होते प्रतिस्पर्धी ललितकलादर्श मंडळीचे केशवराव भोसले. दहा वर्षांत एका नायकाचे तीन धनी झाले, आणि तिसऱ्या धन्याचा प्रयोग आजही दंतकथेसारखा सांगितला जातो.

९/
१९१३ मध्ये बालगंधर्व, टेंबे आणि गणपतराव बोडस किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले. मागे राहिलेल्या मंडळीला पुन्हा गळा हवा होता. तो आला पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यातून. त्याचे नाव दीनानाथ मंगेशकर. इथे प्रवासाची दिशा उलटी झाली. नाटक परमुलखात गेले नाही, रिकाम्या जागेसाठी नट सरहद्द ओलांडून आला. १९१८ मध्ये दीनानाथांनी स्वतःची बळवंत संगीत मंडळी काढली. हा धागा मी मिरा-भाईंदरच्या इंद्रलोक भागात बसून लिहितोय. आमच्या शहरातले महापालिकेचे नाट्यगृह त्यांच्या कन्येच्या, लता मंगेशकरांच्या नावाचे आहे.

१०/
आतापर्यंतचा निष्कर्ष जरा चमत्कारिक आहे. ज्या रंगभूमीला आपण ‘नटकेंद्री’ म्हणतो, जिथे प्रेक्षक केवळ एका गळ्यासाठी मैलोनमैल येत, तीच रंगभूमी आपले प्रमुख नट सर्वांत सहज बदलत होती. मृत्यू, भांडण, फाटाफूट काहीही घडो, पद टिकत होते, म्हणून नाटक टिकत होते.

११/
हाच वारसा ‘कट्यार काळजात घुसली’पर्यंत आला. १९६७ मध्ये पुरुषोत्तम दारव्हेकर लिखित, जितेंद्र अभिषेकींच्या संगीताने नटलेले हे नाटक नाट्यसंपदाने आणले आणि खाँसाहेब म्हणजे वसंतराव देशपांडे, असे समीकरण झाले. १९८३ मध्ये वसंतराव गेले. २०१० मध्ये सुबोध भावे यांच्या दिग्दर्शनाखाली नाटक पुन्हा उभे राहिले, तेव्हा खाँसाहेब झाले वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे. इथे भूमिका घराण्याच्या गायकीतून पुढे सरकली.

१२/
२०१५ च्या चित्रपटाने तर एका भूमिकेचे दोन भाग केले. पडद्यावरचे खाँसाहेब सचिन पिळगावकर, त्यांचा गाता आवाज राहुल देशपांडे. नाटकातून चित्रपटात जाताना चेहरा बदलला, गळा राखला. संगीत नाटकाच्या जुन्या कायद्याला धरूनच हे झाले, पात्र गळ्यात असते हा तो कायदा.

१३/
आता खऱ्या परदेशवारीकडे, आणि या कायद्याला छेद देणाऱ्या नाटकाकडे वळू. नाव ‘घाशीराम कोतवाल’. इतिहासातला घाशीराम सावळदास हा उत्तर पेशवाईतला पुण्याचा कोतवाल. १७९१ मध्ये त्याच्या कोठडीत तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले. शहर खवळले आणि जमावाने घाशीरामाला दगडांनी ठेचून मारले. मोरोबा कान्होबा यांनी त्याच्यावर १८६३ मध्ये पुस्तक लिहिले होते. विजय तेंडुलकरांनी या घटनेतून इतिहास सांगितला नाही. सत्ता आपली हत्यारे कशी घडवते आणि काम झाल्यावर कशी टाकून देते, हे त्यांनी दाखवले.

१४/
पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी, पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात. संस्था प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकर, नृत्ये कृष्णदेव मुळगुंद. शीर्षकातला घाशीराम रमेश टिळेकर, आणि ज्याच्या बोटांवर सगळी सूत्रे फिरतात तो नाना फडणवीस मोहन आगाशे. कीर्तन, खेळे, लावणी, अभंग, दशावतारी ढंग असे सारे त्यात एकजीव झालेले. संगीत नाटकाच्या पठडीतले नसले, तरी हे नखशिखांत संगीतातले नाटक.

१५/
विरोध लगेच सुरू झाला. नानांची आणि पुण्याच्या ब्राह्मणांची बदनामी झाली, असा आक्षेप होता. १९ प्रयोगांनंतर संस्थेनेच नाटक थांबवले. तरुण कलावंत बाहेर पडले, २७ मार्च १९७३ रोजी त्यांनी थिएटर अकॅडमी स्थापन केली आणि जानेवारी १९७४ मध्ये ‘घाशीराम’ पुन्हा उभे केले. थांबवलेल्या नाटकाचे असे पुनरुज्जीवन करण्यासाठी एक नवी संस्था जन्माला यावी लागली.

१६/
या नाटकात पडदा नाही. नटांची एक रांग आहे. ब्राह्मणांची ही माणसांची भिंत पाठ फिरवली की पडदा होते, फुटली की गर्दी होते, जुळली की पुन्हा भिंत. ती गाते, डोलते, नाचते, लपवते आणि उघडे पाडते. नाना तिच्यातून प्रकटतो आणि तिच्यात नाहीसा होतो. त्याचे पाऊल भिंतीच्या तालाशी बांधलेले असते. सुटे काढून दुसऱ्याच्या गळ्यात घालावे असे पद इथे नायकाजवळ नाहीच. त्याच्याजवळ आहे ती वर्षानुवर्षे एकत्र घटवलेली लय.

१७/
१९८० मध्ये युरोपच्या दौऱ्याचे निमंत्रण आले आणि वाद पुन्हा पेटला. ‘घरात जे दाखवले ते दाखवले, परक्यांपुढे मराठी इतिहासाची विटंबना कशाला?’ असा विरोधकांचा सूर होता. अखेर मार्ग निघाला तो असा, की हे नाटक म्हणजे इतिहास नव्हे, असे निवेदन प्रयोगाआधी प्रेक्षकांसमोर करायचे. म्हणजे परदेशी जाताना अट पडली ती संहितेच्या उंबरठ्यावर. नट कोण असावा, हा मुद्दा कुणी काढलाच नाही.

१८/
खरे तर नट बदलण्याची व्यावहारिक कारणे भरपूर होती. हा संच पोटासाठी नाटक करणारा नव्हता. आगाशे मनोविकारतज्ज्ञ, जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, संस्थेतले सतीश आळेकर जीवरसायनशास्त्राचे अभ्यासक. बाकीचेही बहुतेक नोकरदार. अशा लोकांना इतक्या दिवसांची रजा काढून मोठ्या संचासह परमुलखात जायचे होते. तरीही युरोपच्या रंगमंचावर नाना म्हणून आगाशेच उभे राहिले.

१९/
मला यात या धाग्याचे मर्म दिसते. ज्या नाटकात ‘स्टार’ नव्हता, त्या नाटकाने आपला प्रमुख नट राखला. जी रंगभूमी स्टारवर जगत होती, तिने तो सतत बदलला. गळ्याचा वारस सापडतो, कारण गळा एकट्याचा असतो. रांगेतल्या माणसाचा वारस शोधायचा, तर अख्खी रांग पुन्हा घडवावी लागते. त्यामुळे ‘घाशीराम’मध्ये नाना बदलणे हा एका माणसाचा प्रश्न राहत नव्हता, ती साऱ्या संचाची नव्याने तालीम ठरली असती.

२०/
याचा पडताळा माध्यम बदलल्यावर मिळतो. १९७६ मध्ये युक्त फिल्म सहकारी संस्थेने ‘घाशीराम कोतवाल’ चित्रपट केला. नाना आगाशेच, पण घाशीराम झाला नवोदित ओम पुरी. रंगमंचावरची भिंत नव्हती, कॅमेरा होता, म्हणून ते शक्य झाले. आणि २०२५ मध्ये नाटक हिंदीत नव्याने आले, तेव्हा नाना म्हणून उभे राहिले चित्रपटांतून घराघरांत पोहोचलेले संजय मिश्रा. भाषा नवी, संच नवा, त्यामुळे नायकही नवा. इथे पुन्हा लोकप्रिय चेहऱ्याचा बाजार आहे. त्यात गैर काही नाही, किर्लोस्कर मंडळीही त्याच बाजारावर जगली.

२१/
मग भूमिका कुणाची? न्यूयॉर्कमध्ये तिच्यावर संघटना आणि निर्माता दोघेही हक्क सांगतात. किर्लोस्करांच्या तंबूत ती सर्वोत्तम गळ्याची होती, ‘कट्यार’मध्ये गायकीच्या वंशाची, ‘घाशीराम’मध्ये संचाची. प्रत्येक ठिकाणी उत्तर नाटकाच्या बांधणीतून आले आहे.

२२/
म्हणून पुढच्या वेळी एखाद्या मराठी नाटकाच्या परदेश दौऱ्याच्या जाहिरातीत ‘नव्या संचात’ हे शब्द दिसले, तर लगेच नाक मुरडू नका आणि लगेच टाळ्याही नकोत. आधी पाहा, त्या नाटकाचा जीव कुठे आहे: पदात, चेहऱ्यात की रांगेत? पदात असेल तर नवा गळा त्याला नवे आयुष्य देईल. रांगेत असेल, तर विचारा, रांग नव्याने घटवायला किती दिवस दिले? त्या दिवसांचा खर्च कोणत्याही जाहिरातीत छापला जात नाही, पण परदेशी पोहोचलेले नाटक तेच आहे की केवळ त्याचे नाव, हे त्याच दिवसांवर ठरते.