चायना फंडाचे बावीस हजार

मागच्या महिन्यात पारोळ्याला गेलो होतो. जेवणं झाली, आप्पा (माझे आजोबा) ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. एकदम म्हणाले, "काय रे भाऊ, त्या मशीनच्या पैशांचा हिसाब दिला का लोकांना?"

आधी मला कळेचना कुठलं मशीन. मग ट्यूब पेटली.

एप्रिल २०२१, कोरोनाची दुसरी लाट. पुण्यात बसून आम्ही पाच-सहा जणांनी गावासाठी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घ्यायचं ठरवलं. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाकला, खाली माझा यूपीआय नंबर. पैसे दोन दिवसात जमले! पहिलं मशीन गावात पोचायला मात्र सतरा दिवस लागले. ज्याने ऑर्डर घेतली त्याने फोन उचलणं बंद केलं, मग दुसरा शोधा, मग गाडी शोधा, मग गाडीचा पास... मशीन आलं तोवर ज्यांच्यासाठी सगळी धावपळ चालली होती त्यातले एक काका राहिले नव्हते. पुढे लाट ओसरली. साडेअकरा हजार रुपये उरले. ते अजून माझ्याच खात्यात आहेत आणि हिशोबाची एक्सेल शीट अर्धवट पडून आहे. पैसे कोणी खाल्ले नाहीत. पण उरलेत हे कोणाला सांगितलंही नाही.

आप्पांना "देतो" म्हणालो आणि विषय बदलला.

योगायोग असा की त्याच दिवसात मी डॉ. कोटणीसांबद्दल वाचत होतो. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. चीन-जपान युद्धात जखमी सैनिकांवर उपचार करायला गेले आणि तिकडेच वारले. व्ही. शांतारामांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा सिनेमा काढला, तो निदान नावाने तरी सगळ्यांना माहीत असतो. आप्पांच्या प्रश्नानंतर मात्र मला त्या गोष्टीत एक वेगळंच कोडं दिसायला लागलं. पाच डॉक्टर, औषधं, रुग्णवाहिका... हे सगळं पाठवायला पैसे कोणी दिले? आणि ते पैसे खरंच जखमेपर्यंत पोचले का?

सुरुवात आमच्या खानदेशापासूनच करतो. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं. खेड्यात भरलेलं हे पहिलं अधिवेशन. धनाजी नाना चौधरी, साने गुरुजी वगैरे मंडळी त्यासाठी राबली होती. अध्यक्ष होते पंडित नेहरू. आता केळी-कापसाच्या मुलखातल्या शेतकऱ्यांसमोर अध्यक्षांनी काय बोलावं? शेतसाऱ्यावर, कर्जावर बोललेच, पण स्पेनमध्ये त्याच वर्षी सुरू झालेल्या यादवी युद्धावरही बोलले. म्हणणं असं की तिकडची लढाई आणि आपली लढाई वेगळी नाही. तेव्हा ऐकणाऱ्यांपैकी किती जणांना स्पेन कुठे आहे हे माहीत असेल, देव जाणे. पण परक्या देशातल्या युद्धाशी आपला काही संबंध आहे, हे आमच्या गावांच्या इतक्या जवळ, खुल्या मांडवात बोललं गेलं होतं.

साधारण सहा महिन्यांनी, ७ जुलै १९३७ ला, पेकिंगजवळच्या मार्को पोलो पुलावर चकमक झाली आणि जपानने चीनवर पूर्ण ताकदीने चढाई केली. नोव्हेंबरमध्ये चिनी आठव्या मार्ग सेनेचे सेनापती झू दे यांचं नेहरूंना पत्र आलं. मागणी साधी होती: डॉक्टर पाठवा, औषधं पाठवा.

काँग्रेसकडे ना सैन्य, ना सरकारी खजिना. देश इंग्रजांचा. अशा वेळी वैद्यकीय मदत हा एकच मार्ग खुला होता. १९३८ मध्ये सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष झाले होते. ३० जूनला त्यांनी वर्तमानपत्रांतून आवाहन केलं आणि युद्धाला वर्ष होत होतं म्हणून ७ ते ९ जुलै हे तीन दिवस चायना फंडासाठी ठरवले. जमा झालेली रक्कम: २२,००० रुपये.

आज हा आकडा वाचून हसू येईल. तेव्हा सोनं तीस-पस्तीस रुपये तोळा होतं. म्हणजे सहा-सातशे तोळे सोनं झालं, आजचा भाव तुम्हीच लावा. दुसऱ्या बाजूने बघा. बावीस हजार रुपयांचे आणे होतात ३,५२,०००. प्रत्येकाने एकेक आणा दिला असता तर साडेतीन लाख माणसं लागली असती. अर्थात सगळेच आणेवाले नसणार, कोणी शंभराची नोटही दिली असेल. पण यूपीआय तर सोडाच, बहुतेकांचं बँकेत खातंसुद्धा नसण्याच्या काळात हे पैसे हातातून हातात गेले. कोणीतरी डबा फिरवला, कोणीतरी चिल्लर मोजली, कोणीतरी रक्कम वर कळवली. त्यातल्या एकाचंही नाव आज कोणी घेत नाही.

पैसे जमले, पुढे? इथून खरी कसरत. डॉक्टर निवडायचे होते आणि इंग्रज सरकारकडून त्यांचे पासपोर्ट मिळवायचे होते. ठरलेल्यांपैकी एका डॉक्टरला सरकारने पासपोर्टच नाकारला, म्हणून ऐनवेळी कलकत्त्याचे डॉ. बिजॉयकुमार बसू आले. बाकीचे चौघे म्हणजे अलाहाबादचे डॉ. मदन अटल (हे पथकाचे प्रमुख, स्पेनच्या युद्धात काम करून आलेले), नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. देबेश मुखर्जी आणि सोलापूरचे आपले कोटणीस, वय २७. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजातून डॉक्टर होऊन फार दिवस झाले नव्हते. १ सप्टेंबर १९३८ ला 'राजपुताना' बोटीने पथक मुंबईहून निघालं. आवाहनापासून अवघ्या दोन महिन्यात! आमचे कॉन्सन्ट्रेटरचे सतरा दिवस आठवून मी मनातल्या मनात त्या मंडळींना हात जोडले.

१७ सप्टेंबरला ते कॅन्टनला उतरले. स्वागताला सन यत सेन यांच्या पत्नी सूंग चिंग लिंग स्वतः हजर होत्या.

आणि २१ ऑक्टोबरला कॅन्टन पडलं. ज्या बंदरातून ही मंडळी आणि त्यांचं सामान चीनमध्ये शिरलं, ते जेमतेम महिन्याभरात जपान्यांच्या ताब्यात गेलं. त्याच आठवड्यात हँकोही गेलं. पथक मागे हटत चुंगकिंगला आणि तिथून फेब्रुवारी १९३९ मध्ये येनानला पोचलं, माओच्या मुलखात. म्हणजे ज्या सेनेने पत्र लिहून मदत मागितली होती तिच्यापर्यंत पोचायला मुंबईहून निघाल्यावर पाच महिने लागले. आणि आता मागे वळून "अजून चार पेट्या पाठवा" म्हणायचं तर रस्ताच शिल्लक नव्हता.

इथे मला भेटली या गोष्टीतली सगळ्यात कमी माहीत असलेली माणसं.

सूंगबाईंनी जून १९३८ मध्ये हाँगकाँगला चायना डिफेन्स लीग नावाची संस्था काढली होती. काम एकच: जगभरातून युद्धासाठी येणारी मदत गोळा करायची आणि जिथे काहीच पोचत नाही तिथे पाठवायची. मुख्य म्हणजे उत्तरेकडच्या गनिमी काव्याच्या मुलखात. काम बरंचसं स्वयंसेवकांवर चालायचं. ऑफिस छोटं, पण ते नियमित वार्तापत्र काढायचे. काय आलं, काय हवंय, कुठे गेलं, हे देणाऱ्याला कळलं पाहिजे हा आग्रह. खजिनदार होते नॉर्मन फ्रान्स, हाँगकाँग विद्यापीठात इतिहास शिकवणारे प्राध्यापक. दिवसा तास घ्यायचे आणि वर हा हिशोब सांभाळायचा.

अडचण शत्रूचीच होती असंही नाही. सूंगबाईंची सख्खी धाकटी बहीण च्यांग कै शेकची बायको. तरीही च्यांगच्या सरकारने १९३९ नंतर कम्युनिस्ट मुलखाची नाकेबंदी आवळत नेली आणि औषधांचे ट्रक वाटेत अडायला लागले. जपान्यांशी दोघेही लढत होते, पण जखमी कोणाचा यावरून मलमपट्टी अडत होती. १९४० मध्ये जपानच्या दबावाखाली इंग्रजांनी ब्रह्मदेशातून चीनकडे जाणारा रस्ताही तीन महिने बंद ठेवला.

याचा अर्थ प्रत्यक्ष टेबलावर काय होतो? कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून तिथे आधीपासून काम करत होते. मोठा सर्जन. सामान नाही म्हणून त्यांनी अख्खं ऑपरेशन थिएटर खेचरांच्या पाठीवर बसवलं होतं, शंभर ऑपरेशनं होतील एवढं. परदेशातल्या समितीकडून पैसे नाहीत, पत्राला उत्तरही नाही, म्हणून १९३९ मध्ये स्वतःच परत जाऊन निधी जमवायचं त्यांनी ठरवलं होतं. जाणं लांबलं. ऑपरेशन करताना बोटाला चीर पडली, हातात रबरी मोजे नव्हते. जंतुसंसर्ग झाला आणि १२ नोव्हेंबर १९३९ ला ते गेले.

काही रुपयांचे हातमोजे हो! जगात कुठल्या तरी गोदामात त्या दिवशी ते पडलेले असणारच. निधीही असेल. दोघांची गाठ पडली नाही.

चोळकर आणि मुखर्जी १९३९ मध्ये परतले, अटल १९४० मध्ये. कोटणीस आणि बसू राहिले. जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक म्हणून कोटणीसांची नेमणूक झाली. गंमत बघा, या शांतता रुग्णालयांना मदत पुरवणाऱ्यांत हाँगकाँगची लीग होती. म्हणजे प्राध्यापक फ्रान्स यांच्या वहीतल्या नोंदी जिथे जात होत्या, त्याच साखळीच्या दुसऱ्या टोकाला आमचा सोलापूरचा माणूस उभा होता. त्यांची कधी भेट झाली असण्याचा संभव नाहीच.

डिसेंबर १९४१ मध्ये जपानने हाँगकाँगवर हल्ला केला. फ्रान्स शहर वाचवणाऱ्या स्वयंसेवक दलातून लढताना मारले गेले. लीग पुढच्या वर्षी चुंगकिंगला पुन्हा उभी राहिली, पण १९४२ च्या उन्हाळ्यापर्यंत ब्रह्मदेशचा रस्ताही तुटला. कोटणीस आहे त्या सामानात ऑपरेशनं करत राहिले, शिकवत राहिले. ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या ३२ व्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचा मृत्यू झाला. मागे पत्नी क्वो चिंगलान आणि काही महिन्यांचा मुलगा.

मग बावीस हजार वाया गेले का? मला तसं वाटत नाही. त्या पैशातून पाच डॉक्टर पोचले, आणि त्यातल्या एकाने एकट्याने आठशेच्या वर ऑपरेशनं केली असं सांगतात. पण निधी म्हणजे जमलेला आकडा, हा माझा समज मात्र गेला. आकडा तीन दिवसात झाला. पुढची चार वर्षं रस्ता शोधणं, अडलेला ट्रक सोडवणं, कोणाला आधी द्यायचं ते ठरवणं आणि देणाऱ्याला "तुझ्या पैशाचं हे झालं, हे झालं नाही" असं लिहून कळवणं, यात गेली. "हे झालं नाही" लिहिणं सगळ्यात जड जात असणार. आमच्या शीटमध्ये मी तेच टाळलं होतं. कॉन्सन्ट्रेटरचा फोटो ग्रुपवर टाकला, टाळ्या घेतल्या, आणि उशीर, चुकीचा विक्रेता, उरलेले पैसे... यांचा रकाना कोराच ठेवला. पुढच्या वेळी कोणी मेसेज टाकला तर त्या दोनशे माणसांनी कोणाच्या भरवशावर पैसे द्यायचे?

असो. काल रात्री बसून शीट पूर्ण केली. सतरा दिवस का लागले तेही लिहिलं. उरलेले साडेअकरा हजार कशाला द्यायचे ते ग्रुपलाच विचारलंय. पहिलं उत्तर वारलेल्या काकांच्या मुलाचं आलं. म्हणाला, गावात एक मशीन बंद पडलंय, आधी ते दुरुस्त करा.

आप्पांना फोन करून सांगितलं. ते फक्त "बरं" म्हणाले, आणि विचारलं, पावती घेशील ना?