"दोन लेकरांची आई ना तू?"

काही वर्षांपूर्वी बायकोला तांबी बसवायला घेऊन गेलो होतो. मी बाहेर बाकावर. आतून ती ओरडल्याचा आवाज आला, पाठोपाठ सिस्टरचा: "दोन लेकरांची आई ना तू? एवढ्यानं काय होतंय?" बायको घामाघूम होऊन बाहेर आली. घरी येईपर्यंत ती बोलली नाही, मीही विचारलं नाही.

बाईचं दुखणं मोजायचंच नाही, ही सवय जुनी आहे आणि फक्त आपली नाही. अमेरिकेत अलाबामातल्या मॉन्टगोमेरी गावी १८४५ ते १८४९ या काळात डॉ. जेम्स मॅरियन सिम्सने गुलाम स्त्रियांवर शस्त्रक्रियांचे प्रयोग केले. अडलेल्या बाळंतपणानंतर लघवी सतत गळत राहायची, त्या आजारावर. भूल न देता. अनार्का, बेट्सी, लूसी एवढी तीन नावं उरली. एकट्या अनार्कावर सुमारे ३० शस्त्रक्रिया झाल्या. १८४६ मध्ये बोस्टनला ईथरची भूल जाहीरपणे दाखवली गेली, तरी या बायकांना ती मिळाली नाही. सिम्स मात्र आधुनिक स्त्रीरोगशास्त्राचा जनक ठरला. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कजवळचा त्याचा पुतळा हटला २०१८ मध्ये!

आपल्याकडे १९६५ मध्ये सरकारी कार्यक्रमात लूप आला. टार्गेट होतं, पण रक्तस्राव आणि दुखण्याच्या तक्रारींकडे पाहायला वेळ कुणाला? बायकांचा विश्वास उडाला, लूप मागे पडला. पुढे तांबी आली.

तांबी बसवताना गर्भाशयाचं तोंड चिमट्यानं धरतात, सळईनं आतली खोली मोजतात. नैसर्गिक बाळंतपण न झालेल्या बाईला हे सहसा जास्त दुखतं. भीती आणि आधीचा वाईट अनुभव यांनी आणखी वाढतं. माझ्या बायकोची दोन्ही बाळंतपणं सिझेरियनची. म्हणजे "दोन लेकरांची आई" हा हिशेबच चुकीचा होता, आणि फाईल तर समोरच होती.

२०२४ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेनं डॉक्टरांना सांगितलं, की दुखण्याबद्दल आधीच बोला. लिडोकेन हे बधिर करणारं औषध उपयोगी पडू शकतं.

परवा बायकोला पहिल्यांदाच विचारलं. म्हणाली, "दुखणार आहे एवढं आधी सांगितलं असतं, तरी चाललं असतं."

तांबी चांगलं साधन आहे, घाबरून टाळू नका. पण टेबलावर जाण्याआधी विचारा: किती दुखेल, बधिर करणार का, मध्येच थांबा म्हटलं तर थांबाल का? आणि बाहेर बाकावर बसणाऱ्यांनो, आपणही विचारूया.